पाच व्होल्टचा मार

मित्रांनो, मी काडेपेटीएवढा एक डिस्प्ले आहे, मधोमध तडा गेलेला. एका जुन्या मोबाइलच्या पोटातून मला स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलं. भूल दिली नव्हती.

काढणारा होता या घरातला थोरला मुलगा, दादा. घशाच्या ऑपरेशननंतर त्याच्या आईच्या गळ्यात श्वासासाठी नळी बसवली होती आणि आवाज गेला होता. म्हणून दादाने एक डबी बनवली. बटण दाबलं की माझ्यावर शब्द उमटायचे: 'पाणी', 'दुखतंय', 'नळी अडकली' आणि आईच्या खास आग्रहावरून 'गप्प बसा'.

मी तीन पॉइंट तीन व्होल्ट सोसणारा. डबीचा मेंदू, म्हणजे दादाचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, पाच व्होल्टवाला. अशा वेळी मधे व्होल्टेज उतरवणारा लेव्हल शिफ्टर बसवतात. तो मागवायचा दादाला कंटाळा. त्याने तारा थेट जोडल्या. पाच व्होल्टच्या पहिल्या ठोशाला मी पांढरा पडलो, दुसऱ्याला शब्द उमटला आणि दादाने टाळी वाजवली. माझ्या पिनांच्या दाराशी जादा करंट अंगावर घेणारे चिमुकले डायोड असतात. ते आत एकेक करून जळत होते आणि बाहेर माझं कौतुक चाललं होतं.

"अरे, त्याच्या पाठीवर तीन पॉइंट तीन लिहिलंय," दादाची मोठी बहीण म्हणाली.

"चालतंय ना ताई? मग हात नको लावूस."

मी चालत राहिलो. आई 'गप्प बसा' फार दाबायची. दर वेळी मला मार. आधी शब्दांच्या कडा गेल्या, मग अर्धी अक्षरं. दादा मला चापट मारायचा, मी दचकून क्षणभर नीट दिसायचो. घरात यालाच दुरुस्ती म्हणत.

एका दुपारी आईच्या नळीत कफ अडकला. तिने बरोबर 'नळी अडकली'चं बटण दाबलं. ठोसा बसला आणि माझ्यावर नुसता काळा डाग पसरला. दादा समोरच होता. आईचे ओठ निळे पडत होते आणि तो मला चापटा मारत होता.

"थांब गं आई, येतंय."

आईने त्याचा दंड ओरबाडला. त्याने तो झटकला. मग तिने डबी उचलली आणि त्याच्या कपाळावर हाणली. कपाळ फुटलं, मीही फुटलो. दादाने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात अख्खा पोचलेला तो एकच निरोप.

त्याने ओरडून ताईला बोलावलं. तिने कफ ओढायच्या मशीनने नळी मोकळी केली. टाके घालताना डॉक्टरांनी दादाला विचारलं, हे कसं लागलं?

"आई बोलली," तो म्हणाला.

नवा डिस्प्ले ताईने जोडला. लेव्हल शिफ्टर तिनेही आणला नाही. तिने बोर्डालाच शिस्त लावली: तार शून्य व्होल्टपर्यंत खाली ओढायची किंवा सोडून द्यायची, पाचपर्यंत वर ढकलायची नाही. वर न्यायचं काम डिस्प्लेच्याच तीन पॉइंट तीनच्या लाइनवर बसवलेल्या रेझिस्टरचं. तार तीन पॉइंट तीनच्या वर जातच नाही, त्यामुळे ठोसा बसतच नाही. शेजारी पडून मी हे पाहिलं. इतकं सोपं होतं म्हणून जास्त राग आला.

मित्रांनो, जोडण्याआधी आमची पाठ वाचत जा. आणि तरीही पडद्यावर काही उमटेना, तर त्याला बडवत बसू नका. बटण कोणी दाबलंय, ते आधी बघा.