बनाबाईच्या जीपमधला ठोका

या, अशी जवळ बसा. टाळ जरा खाली ठेवा. आज सांगतो ती गोष्ट देवाचीच आहे, पण तीत देवऋषी हरतो.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मंगळवार पेठेत पिराजीच्या दारात सकाळीच माणसं दाटली होती. मधोमध त्याची जुनी जीप. महिन्यापूर्वी दवाखान्यात नेताना त्याची आई बनाबाई या जीपच्याच मागच्या बाकावर वारली, सुनेच्या, विठाबाईच्या मांडीवर. तेव्हापासून त्या बाकाखाली कुणीतरी ठोकत होतं. जीप निघाली की ठक, थांबली की ठक. बायका तोंडाला पदर लावून ऐकायच्या. मी पेठेत पाहुणा आलो होतो; मलाही ते खरंच वाटलं होतं.

हंबीरराव देवऋषी जीपला पाठ टेकून घुमत होता.

"आवसेची न्हाय, पुनवेची न्हाय, घरचीच हाय. बनाबाई, हायस का?"

ठक. गर्दी मागं सरली.

"सुनेनं घात केला?"

ठक.

"तिला घरात ठिवायची?"

हंबीरराव घुमायचा थांबला. जीप गप्प.

"कबनूरला म्हायेरी धाडायची?"

ठक.

पिराजी खाली बघत म्हणाला, "विठा, आवर तुझं. पोरगी हितंच ऱ्हाईल."

लहानगी आईच्या निऱ्या धरून उभी होती. विठाबाई रडली नाही.

"जाते की. पण हंबीरराव, जरा बाजूला सरा, मग इचारा माझ्या सासूला, आत्याबाईस्नी."

"देव हाय माझ्या अंगात."

"अंगात हाय न्हवं? मग जीपला कशाला टेकायचं?"

कुणीतरी हसलं. हंबीररावाला बाजूला व्हावंच लागलं. त्यानं ओरडून विचारलं, आळवून विचारलं. काही नाही.

विठाबाईनं मागून कंबरेनं जीप रेटली. ठक. सोडली. ठक.

"रोज सकाळी ही गाडी मीच ढकलून चालू करती. आत्याबाई समोर कट्ट्यावर बसून शेंगा निवडायच्या, तवाबी ह्यो ठोका हुताच. तवा कोण ठोकत हुतं?"

शाहूपुरीचा गैबी मिस्त्री गंमत बघायला आला होता. तो म्हणाला, "पिराजी, गाडी गिअरमधी हाय न्हवं?"

"व्हय. हँडब्रेक लागत न्हाय."

"काढ बघू गिअर."

आता रेटल्यावर जीप वीतभर सरकली, मुकाट. शेजारची चिमणाबाई म्हणाली, "हंबीरराव, तुमचा देव गिअर घातल्याबिगर बोलत न्हाय व्हय?"

गैबीनं पुन्हा गिअर घातला, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि मला म्हणाला, "पावणं, फिरवा." चाक थोडं सैल फिरलं, मग ठक. इंजिनाकडून मागं येणारा दांडा त्यानं मुठीत धरला होता. तो तसूभर हलला नव्हता.

"ढिलाई मागच्या ॲक्सलात हाय. आतलं दातं झिजल्यात. रेटलं की दात्यावर दाता आपटतो. असंच चालवलंस तर मधी वाटंत दगा दील."

हंबीरराव जीपपुढं मांडलेली लिंबं गोळा करून गेला. पिराजी बाकावर हात फिरवत राहिला.

"मग आई न्हाय व्हय हितं? म्हैनाभर मुद्दाम हळू चालवत हुतो. वाटायचं, बोलतीया."

"जाताना माझा हात धरला हुता त्यांनी," विठाबाई म्हणाली. "शेवटपतूर सोडला न्हाय."

पिराजीनं पोरीला उचलून विठाबाईच्या कडेवर दिलं आणि घराचं दार पुरतं उघडलं.

मी देव मानतो, म्हणूनच सांगतो: आवाज आला तर आधी वाकून खाली बघा. देवाच्या नावानं कुणी जित्या माणसावर बोट दाखवलं, तर त्याला दोन पावलं बाजूला उभं करा, मग विचारा.

आणि सांजेला दिवा लावाल तेव्हा बनाबाईची आठवण काढा. सुनेचा हात धरून गेलेली बाई ती. तिच्या तोंडी लोकांनी वैर घातलं. तुम्ही तरी तिला तशी आठवू नका.