पेनड्राइव्हवरची रंभाआत्या

एक लवंग. चावायची नाही, नुसती गालात धरायची.

एफ टू, एफ टेन, एफ ट्वेल्व्ह, एस्केप, डिलीट.

नेरे गावातल्या घराच्या अंगणात मांडवाचे बांबू उभे, वरचं कापड मात्र अजून पनवेलहून यायचंय.

नीताच्या पेनड्राइव्हमध्ये मुलांच्या स्नेहसंमेलनाचे फोटो होते. होते.

जीवन स्वतःला समंजस माणूस समजतो.

हे सगळं एकाच आठवड्यातलं.

लवंग होती रंभाआत्याच्या गालात. रंभाआत्या ही जीवनच्या वडिलांची बहीण आणि नेऱ्याच्या बाजूची नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतात ते वेगळं. हळद लागण्यापासून नवरी बोहल्यावर चढेपर्यंत सगळं धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लावते. ती ओळ सांगते, बाकीच्या बाया मागून उचलतात. उभं आयुष्य आत्याने लोकांच्या मुलींना असं गाऊन हळद लावली. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आता तिच्या तोंडून नुसती हवा येते. त्या हवेतही शिव्या मात्र स्पष्ट ऐकू येतात.

आणि भाविकाचं लग्न ठरलं. ही जीवनच्या थोरल्या भावाची मुलगी. लहानपणापासून तिचं एकच, माझ्या हळदीला आजीच, म्हणजे रंभाआत्याच, गाणार. दुसरी धवलारीण तिला चालणार नव्हती. "काका, तुमच्याकडे आजीचं रेकॉर्डिंग आहे ना? तेच लावू. नाहीतर मला गाणंच नको."

रेकॉर्डिंग होतं. जुन्या लॅपटॉपवर होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. जीवनचा कामोठ्यात कॉम्प्युटर क्लास आहे. बॅकअपचं महत्त्व तो तिथे फार तळमळीने शिकवतो. शिकवणाऱ्याने स्वतः तो घ्यावा, असं अभ्यासक्रमात कुठे लिहिलेलं नाही.

लॅपटॉप चालू केला की निळा पडदा यायचा आणि एक उदास चेहरा. दुरुस्तीवाला म्हणाला, "डिस्क ठीक वाटते, पण विंडोज गेली. फॉरमॅट मारून देतो." जीवनने लॅपटॉप छातीशी धरला आणि तो दुकानातून असा निघाला की रस्त्यावरच्या लोकांना वाटावं, कुणाचं तरी मूल पळवतोय.

मग त्याने इंटरनेटवर वाचलं. एक हलकी सिस्टिम पेनड्राइव्हवर टाकायची आणि लॅपटॉप तिच्यावरच चालू करायचा. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही, फाइली दिसतात. आपल्याच घराचं कुलूप बिघडलं म्हणून शेजाऱ्याच्या गच्चीवरून आपल्याच खिडकीत उतरायचं, त्यातला प्रकार.

पेनड्राइव्ह बायकोचा घेतला. सिस्टिम टाकताना तो आधी कोरा होतो, हे त्याला माहीत होतं. आत काय आहे, हे माहीत नव्हतं.

"अहो, विचारायचं तरी!" नीता म्हणाली.

"मला वाटलं, तुझ्याकडे बॅकअप असेल."

नीता हसली. त्या हसण्यानंतर जीवन दोन वेळचं जेवण गुपचूप, मीठ न मागता जेवला.

पुढची अडचण अशी की लॅपटॉपला पेनड्राइव्हकडे बघ म्हणून सांगायला चालू करताना एक बटण दाबावं लागतं, आणि कुठलं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. जीवनने सगळी दाबली. एकेक, मग जोडीने, मग नव्याने पेटी शिकणाऱ्यासारखी दहा बोटांनी. उदास चेहरा परत परत आला. शेवटी कधीतरी, कुठल्या बोटाने ते त्याला आजही सांगता येणार नाही, एक यादी आली. त्याने यूएसबी निवडलं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. जीवनने त्या गंभीरपणे वाचल्या. एकही कळली नाही. मग निळसर, रिकामा पडदा उघडला, नुकत्याच झाडलेल्या खोलीसारखा. डिस्क दिसली. फोल्डर दिसलं. आणि आत्या गायला लागली.

नीता कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. ओळ संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "आता मोबाईलवर कॉपी करा आणि उठा."

किती साधी गोष्ट! जीवनने मान डोलावली आणि कॉपी केलं नाही.

कारण मोबाईलवरून गाणं वाजलं असतं तर फक्त गाणं वाजलं असतं. मेलेला लॅपटॉप नखाएवढ्या पेनड्राइव्हवर जिवंत होताना कुणाला दिसला असता? नात्यातल्या कुणाचाही मोबाईल अडला की लोक जीवनला बोलावतात, तो बंद करून चालू करतो, चहा पिऊन घरी येतो. एकदा तरी आपलं खरं काम चारचौघांनी पाहावं, एवढीच त्याची अपेक्षा. समंजस माणसाची.

हळदीच्या दुपारी नेऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप बसला. बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे वायर लावून. जीवनने दोन मेहुण्यांना समोर उभं केलं. "हे बघा, आत विंडोज नाहीच." एक मेहुणा म्हणाला, "मंग काय हाय?" दुसरा मटण शिजलं का बघायला गेला.

पण गाणं लागलं, आणि मांडव गप्प झाला. पाटावर बसलेल्या भाविकाने डोळे मिटले. शेजारी बसलेल्या आत्याने स्वतःचा आवाज ऐकून गालातली लवंग हातात काढली. बाया ओळ उचलू लागल्या. हळदीची पहिली बोटं भाविकाच्या गालाला लागली. जीवन खुर्चीमागे उभा होता, फोटो काढला तर आपण येऊ अशा बेताने.

तेवढ्यात साउंडवाला काशिराम आला. काशिरामला आजवर प्रत्येक गाणं पेनड्राइव्हमधूनच मिळालेलं.

"जीवनदादा, आवाज बारीक येतंय. माज्या मशीनला लावतंव."

आणि त्याने पेनड्राइव्ह उपसला.

आत्याचा आवाज एका अक्षरावर अडकला. र र र र र. मग तोही नाही.

"काशिराम! अरे, गाणं त्यात नाय, अख्खा लॅपटॉप त्यात हाय!" घाईत जीवनची भाषा गावाला परतली.

"एवरुशात? उगा काय पन सांगता, दादा."

भाविकाने डोळे उघडले. एका गालाला हळद, एक कोरा. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पुढची ओळ सांगणारं कुणी नव्हतं.

आत्याने नीताचा दंड धरून तिला जवळ ओढलं आणि कानात हवा सोडली.

"मी? आत्या, मला नाही येत," नीता म्हणाली.

आत्याने दुसऱ्यांदा सोडली त्या हवेत ओळ नव्हती. जे होतं ते सगळ्यांना ऐकू आलं. बाया फिसकन हसल्या आणि नीताने घाबरून पहिली ओळ म्हटली, बेसूर, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी. बायांनी ती उचलली. नीता चुकली की आत्या तिच्या गुडघ्यावर चापट मारायची आणि ओळ पुन्हा कानात. तिसऱ्या गाण्यापर्यंत नीताचा गुडघा लाल झाला, पण सूर जागेवर आला. भाविका रडत होती आणि मधेच नीताकाकूच्या उच्चारांना हसत होती. तिचा दुसरा गाल पिवळा झाला.

खुर्चीमागे जीवन पेनड्राइव्ह परत लावून, घामाघूम होऊन सगळी बटणं दाबत होता. उदास चेहरा. पुन्हा बटणं. शेवटी यादी आली, ओळी धावल्या, पडदा उघडला. त्याने विजयाने मान वर केली, तर पाट रिकामा होता आणि बाया हात धुवायला गेल्या होत्या.

"झाला का, दादा?" काशिराम म्हणाला. "मंग ती वायर काढा. मना पंखा लावाचाय."

रंभाआत्याला धवले शिकवणाऱ्या हौसाबाईचा आवाज कधीच कुणी रेकॉर्ड केला नव्हता; आत्याही गुडघ्यावर चापट्या खातच शिकली होती.