झडपेचं चाक

"डेझ, हातातलं टाक आणि आधी चाक फिरव!" फोनवर कॉलिनचा आवाज चिरकत होता. "तपासनीस बाई गेटवर उभी आहे, न कळवता आलीय. मी तिला सह्यांमध्ये अडकवतो. दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे."

कॉलिन आमचा साहेब. माझ्या लेकाच्या वयाचा, पण हुकूम सोडायला पटाईत.

पूर्वी सगळा घरचाच कारभार होता. मैलापाणी साफ करणारी आमची कंपनी, नदीत सोडलेलं पाणी तपासणारीही आमचीच. नमुना कधी घेणार, ते आठवडाभर आधी कळायचं. गाव वाढून तिप्पट झालं, टाक्या मात्र तेवढ्याच, पाणी नीट साफ होईना. मग काय, नमुन्याच्या दिवशी सकाळी मी चाक फिरवून झडप बंद करायचो. बाहेर पाणीच पडत नाही म्हटल्यावर नमुना कशाचा घेणार? 'प्रवाह नाही' असं लिहायचं, दिवस पास. आणि मागे तुंबलेली सगळी घाण कुंपणापलीकडच्या जुन्या पाइपातून, न गाळता, नदीत. अकरा वर्षं. प्रत्येक कागदाखाली सही कुणाची? डेझमंड टॅप्ली, म्हणजे माझी.

आता कायदा बदलला होता. सरकारी माणूस कधीही टपकणार, आणि लपवाछपवी करणारा तुरुंगात जाणार. माझ्या पेन्शनला सात महिने उरले होते.

मी चाकाला हात घातला. एक फेरा दिला, दुसरा दिला. पाण्याचा आवाज बारीक झाला.

आणि मला वेंडी आठवली. आमच्या शेजारची, माझ्या बायकोची मैत्रीण. ऑगस्टमध्ये नदीत पोहून आली आणि दोन आठवडे हॉस्पिटलात पडली. मूत्रपिंडं कायमची अधू झाली. मी फुलं घेऊन भेटायला गेलो होतो. लाज वाटते सांगायला, पण गेलो होतो.

मी चाक उलटं फिरवलं. पार शेवटपर्यंत.

कॉलिन बाईला घेऊन आला. पाणी धो धो पडताना बघून त्याचा चेहरा पांढराफटक झाला. "वेड लागलंय का तुला?" तो माझ्या कानाशी पुटपुटला.

तपासनीस मिस हॅडली वाकून बाटली भरत होती. पाणी चहासारखं दिसत होतं. तिने बाटलीवर चिठ्ठी लावली आणि विचारलं, "नमुना घेताना हजर कोण?"

"मी. डेझमंड टॅप्ली," मी म्हणालो. "आणि तुमच्याकडे 'प्रवाह नाही' लिहिलेले जुने कागद असतील ना, तेही माझेच. झडप मीच बंद करायचो. वरून फोन यायचा, पण हात माझा होता."

तिने पेन खाली केलं. "मिस्टर टॅप्ली, आज आणखी काही बोलू नका. आधी वकील गाठा."

दुपारी घरी आलो, स्वयंपाकघरात बसून बायकोला, मॉरीनला, सगळं सांगितलं. तिने केटली भरली होती, ती लावायची राहूनच गेली. तिचा पोहायचा पोशाख हीटरवर वाळत होता.

"तू मधूनच म्हणायचास," ती सावकाश म्हणाली, "आज नदी फार गार आहे, नको जाऊस. मला वाटायचं, काळजी करतोय बिचारा. म्हणजे तू झडप बंद करायचास, तेच दिवस ना ते?"

"हो."

"ऑगस्टात पण म्हणाला होतास. मी राहिले घरी. वेंडी एकटीच गेली." तिने माझ्याकडे पाहिलं. "तिला का नाही रे सांगितलंस?"



मॉरीनने खुंटीवरचा कोट काढला. "मी जातेय तिच्याकडे."

"मी येऊ?"

"ये. पण बोलायचं तू."

मी खाली बसून पुन्हा बूट चढवले. नाडी बांधायला वेळ लागला. ती दार उघडं धरून उभी राहिली.