पडतानाचं शूटिंग

रविंद्र मुजुमदारच्या फोनमध्ये त्याच्या मुलीचे शेकडो व्हिडिओ होते आणि त्यांतल्या एकातही ती पडलेली नव्हती. पायांना स्की बांधून बर्फावरून सुसाट यायचं, बांधलेल्या उंचवट्यावरून हवेत उडायचं, तिथे गिरक्या घ्यायच्या आणि पुन्हा दोन पायांवर खाली यायचं, असला खेळ खेळणारी पोरगी पडत नाही असं थोडंच असतं? नीरजा पडायची, चांगली सणसणीत पडायची. पण तिचा तोल जातोय असं दिसलं की रविंद्रचा अंगठा आपोआप लाल बटणावर जायचा, शूटिंग थांबायचं आणि तो चढावर धावत सुटायचा. माकडटोपी घातलेला, खांद्याला थर्मास लटकवलेला, पोट सुटलेला पन्नाशीचा माणूस. मेलबर्नजवळच्या माउंट बुलर या बर्फाच्या डोंगरावरची बाकीची पोरं त्याला लांबूनच ओळखायला लागली होती. घरी आल्यावर ती अर्धवट क्लिप तो आठवणीने डिलीट करायचा.

वाईट घडलेलं साठवून ठेवू नये, ही त्याच्या घरातली रीत होती. तडा गेलेला कप त्याच्या आईने कधी दुसऱ्या दिवशी फडताळात ठेवला नाही. आजारी माणसाचा फोटो काढायचा नाही, हेही त्यातलंच. रविंद्र पुण्याहून मेलबर्नला आला, सॉफ्टवेअरमध्ये मुरला, तिथल्या क्रेगीबर्न उपनगरात घर बांधलं, पण ही रीत सामानात बांधून आणल्यासारखी बरोबर आली. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको मेधा आजारी पडली तेव्हा तिच्या शेवटच्या चार महिन्यांत कुणी तिच्यासमोर फोन धरला नाही. बरी झालीस की काढू, असं सगळेच म्हणत होते. ती बरी झाली नाही.

स्कीइंगचं खूळ खरं तर मेधानेच घरात आणलं. नीरजाच्या शाळेचा स्नो कॅम्प होता, रविंद्र नको म्हणत होता, मेधाने परस्पर सही करून टाकली. पोरगी परत आली ती वेड लागल्यासारखी. मेधा गेल्यावर हे खूळ सुटेल असं रविंद्रला वाटलं होतं. झालं उलटंच. हिवाळ्यातला दर शनिवार डोंगराचा झाला. भल्या पहाटे निघायचं, वाटेतल्या मॅन्सफील्ड गावात थांबून बेकरीतली गरम मीट-पाय खायची, वर पोचायचं, संध्याकाळी परत. एरवी बाप ऑफिसात आणि पोरगी युनिव्हर्सिटीत, दोघांची गाठ पडायची ती फ्रिजसमोर. गाडीतल्या त्या तासांत मात्र ती बोलायची. मित्रमैत्रिणींबद्दल, लेक्चर्सबद्दल, कधीमधी आईबद्दलही. रविंद्रला थंडीचा तिटकारा होता, बर्फ तर बघवत नसे, पण शनिवार कधी येतो याची तो सोमवारपासून वाट बघायचा.

नीरजा आता एकोणीस वर्षांची होती आणि यंदाचा हिवाळा निर्णायक होता. ऑस्ट्रेलियातला बर्फ जून ते सप्टेंबर, चार महिन्यांचा. या खेळात पुढे जायचं तर इथला बर्फ वितळला की युरोपातला गाठावा लागतो, आणि ते एकट्याच्या बळावर होत नाही. त्यासाठी स्की बनवणाऱ्या एखाद्या कंपनीने आपल्या टीममध्ये घ्यावं लागतं. मग कोच त्यांचा, प्रवास त्यांचा, शूटिंग करणारी माणसंही त्यांची. यंदा कुणी घेतलं नाही तर स्की विकून टाकीन आणि फिजिओथेरपीची डिग्री गुमान पुरी करीन, असं नीरजाने जाहीर केलं होतं. ती आईवर गेली होती, म्हणाली म्हणजे करणार.

अशा एका कंपनीला पाठवायची माहिती रविंद्रनेच तयार केली. लग्नाच्या बाजारात उतरवायच्या मुलीचा बायोडेटा असावा तशी ती दिसत होती. उंची, वय, बारावीचे मार्क, पाचव्या वर्षापासून भरतनाट्यम, स्वभाव मनमिळाऊ. शेवटी दोन मिनिटांचा व्हिडिओ, त्यात एकामागून एक अचूक उड्या. नीरजाने डोक्याला हात लावला, पण मुदत संपत आली होती म्हणून तेच गेलं.

सप्टेंबरच्या मध्याला त्या कंपनीच्या टीमची निवड करणारी लीना नावाची बाई स्वतः बुलरला आली. केस पिकलेली, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. डोंगरावरच्या कॅफेत तिने दोघांना समोर बसवलं आणि सरळ मुद्द्यावर आली. नीट उतरणाऱ्या मुली माझ्याकडे खूप आहेत, म्हणाली. ही न उतरली तर काय करते ते मला बघायचंय. टीममध्ये असलेली मुलगी दिवसातून वीसदा पडते आणि तेच लोकांना बघायचं असतं, कारण ती उठते. तेव्हा हिच्या पडण्याचे व्हिडिओ द्या, जसेच्या तसे, न कापलेले.

नीरजाने बापाकडे पाहिलं. रविंद्रने थर्मासकडे पाहिलं.

नसतील तर नवे काढा, लीना म्हणाली. अजून येत नसलेली एक उडी निवडायची आणि दिवसभर तीच करायची. सीझन संपायच्या आत पाठवा, नाहीतर माझी यादी भरलेली असेल.

खोटं कशाला बोला, रविंद्रला आतून बरं वाटलं. आपल्याकडे तसले व्हिडिओ नाहीत, पुढचा शनिवार शेवटचा, म्हणजे जमलं तर जमलं. नाही जमलं तर पोरगी घरी राहील. हा विचार मनात आला आणि त्याची त्याला लाजही वाटली, पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही.

परतीच्या वाटेवर त्यानेच विषय काढला. म्हणाला, तुझ्या एखाद्या मैत्रिणीला सांग शूट करायला, मला ते जमायचं नाही, तू पडलीस की माझे हातपायच चालतात, डोकं चालत नाही. आणि पडलेलं कशाला जपून ठेवायचं?

"आईचंही आपण जपलं नाही," नीरजा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बाबा, मला लास्ट फोर मन्थ्समधली आई आठवतच नाही आता. घरातले सगळे फोटो गणपतीचे नाहीतर बर्थडेचे. केस गेल्यावर तिने माझी लोकरीची बीनी टोपी घालून तुला साहेबासारखा सॅल्यूट ठोकला होता, आठवतं? किती हसलो होतो आपण. ते कुठेच नाहीये."

रविंद्रला ते आठवत होतं. त्या दिवशी त्याचा फोन खिशातच होता. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. नीरजाने त्याच्या हातावर हात ठेवला, पण बोललेलं मागे घेतलं नाही.

मग तिनेच तोडगा काढला. मी पडले आणि हेल्मेटवर दोनदा थाप मारली की समज, मी ठीक आहे. मग धावत यायचं नाही, शूटिंग थांबवायचं नाही. थाप नाही मारली तरच ये.

"आणि मला ती थाप दिसली, हे तुला कसं कळणार?" रविंद्रने विचारलं.

तिने मागच्या सीटवरच्या थर्मासकडे बोट दाखवलं. त्याचं झाकण भडक केशरी होतं, बर्फात फर्लांगावरून दिसेल असं. "ते वर कर," ती म्हणाली. "दॅट्स ऑल."

शेवटच्या शनिवारी आकाश स्वच्छ होतं आणि बर्फ सकाळी दगडासारखा टणक. नीरजाने निवडलेली उडी म्हणजे हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या आणि उताराकडे पाठ करून, उलट्या पावली उतरायचं. रविंद्र उडीच्या पायथ्याशी, उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला असलेल्या कुंपणाला टेकून उभा राहिला. एका हातात फोन, दुसऱ्यात झाकण.

पहिल्यांदा ती पडली आणि त्याचा अंगठा सवयीने बटणावर गेला. त्याने तो दुसऱ्या बोटाखाली दाबून धरला. नीरजा उठून बसली, हेल्मेटवर दोनदा थाप. त्याने झाकण वर केलं. ती वर गेली, पुन्हा आली, पुन्हा पडली. थाप, झाकण. दुपारपर्यंत त्याला हे अंगवळणी पडायला लागलं आणि तेच त्याला भयंकर वाटलं. आजवर तो धावत जाऊन तिला उठवायचा, स्की शोधून आणायचा, तोंडात डिंकाचा लाडू कोंबायचा. आता त्याला प्रथमच दिसत होतं की ती कशी उठते. आधी गुडघा, मग हात, मग एक लांब श्वास, मग अंगावरचा बर्फ न झटकताच चालायला लागते. मेधा केमोहून आल्यावर अशीच पलंगावरून उठायची. सहा वर्षं तो ते विसरला होता.

उन्हं कलली तेव्हा ती जोरात आली, उंच गेली आणि हवेतच तिरकी झाली. खांद्यावर आपटली, एक स्की निघून खाली घरंगळत गेला, आणि ती कुशीवर पडून राहिली. हलली नाही.

रविंद्रने एक पाऊल टाकलं. तिचा हात हलला की नुसतं वाऱ्याने बाहीचं कापड हललं ते कळेना. थाप नाही मारली तर ये, ती म्हणाली होती. पण किती वेळ थांबायचं ते ठरलंच नव्हतं. त्याने दुसरं पाऊल उचललं आणि तसाच थांबला. फोन तिरका झाला होता, पण तिच्यावरच होता. मेधाचं नाव त्याच्या तोंडून निघालं, का ते त्याला कळलं नाही.

मग पडल्यापडल्याच नीरजाचा हात हेल्मेटकडे गेला. एक. दोन.

झाकण त्याने इतक्या घाईने वर केलं की ते फोनच्या आडवं आलं. ती उठली तेव्हा तो रडत होता आणि शूटिंग चालू होतं.

ती उडी तिला त्या दिवशी धड जमलीच नाही. शेवटची तेवढी ती पायांवर उतरली, तीही बर्फाला हात टेकून. नीरजाने सगळं न कापता पाठवलं आणि पंधरवड्यात लीनाचा फोन आला. टीममध्ये घेतलं होतं, नोव्हेंबरात ऑस्ट्रियाला जायचं होतं. बोलता बोलता लीनाने विचारलं की मध्येच एक केशरी वस्तू कॅमेऱ्यासमोर येते ती काय आहे. नीरजा म्हणाली, ते माझे बाबा आहेत.

रविंद्रने पेढे आणले, शेजारच्या दत्तात्रयकडे नेऊन दिले, एअरपोर्टवर सगळ्या बॅगा स्वतः उचलून ठेवल्या. नीरजा मिठी मारून म्हणाली की तिकडे शूटिंगला त्यांचा माणूस असतो, तू काळजी करू नकोस. काळजी हीच एक गोष्ट त्याच्याकडे उरली होती, तीही तिने नको म्हटली.

पहिल्या शनिवारी पहाटे त्याला जाग आली, त्याने चहा केला, थर्मासमध्ये भरला आणि मग लक्षात आलं की कुठे जायचं नाही. तो चहा त्याने ओट्याशी उभ्याने, झाकणात ओतून दिवसभरात संपवला. दत्तात्रय पत्ते खेळायला बोलवायचा. रविंद्र दोनदा गेला, हरला, लवकर घरी आला. घरात इतकी शांतता असायची की फ्रिज सुरू झाला तरी तो दचकायचा. नीरजाचे फोन यायचे, पण घाईचे. गाडीतल्यासारखं ती बोलत नसे. त्याला कुणाचा राग नव्हता. नुसतं एकटं वाटायचं, आणि ते सांगण्यासारखं माणूस तेवढं एकच होतं, ते बर्फात होतं.

डिसेंबरात, बाहेर अंग भाजणारं ऊन असताना, कंपनीने तिचा पहिला व्हिडिओ टाकला. त्याने तो स्वयंपाकघरात उभ्यानेच लावला. तिकडचा डोंगर मोठा होता, बर्फ पिठासारखा, आणि शूटिंग करणाऱ्याचा हात अजिबात हलत नव्हता. उडी तीच होती. नीरजा वर गेली, फिरली आणि पाठीवर आपटली. कॅमेरा जागचा हलला नाही. कुणी धावलं नाही.

ती उठली. गुडघा, हात, लांब श्वास. कॅमेरा उजवीकडे होता, पण तिने तिकडे पाहिलं नाही. तिने मान वळवली ती डावीकडे, खाली, उडीच्या पायथ्याशी. तिथे कुणीच नव्हतं, नुसतं कुंपण होतं. त्या कुंपणाकडे बघत तिने हेल्मेटवर दोनदा थाप मारली आणि क्षणभर थांबली.

रविंद्रने ओट्यावरचं केशरी झाकण उचललं आणि हात ताणून वर धरलं. व्हिडिओ संपला तरी बराच वेळ त्याने हात खाली घेतला नाही.