घरटी एक मत

संपदानं हात वर केला तेव्हा तिच्या बोटांना पुऱ्यांची कणीक चिकटलेली होती. मराठी वर्गाची खोली टेबल टेनिसला द्यायला कोणाचा विरोध आहे, असा प्रश्न दिवाणखान्यातून कानावर आला आणि ती लाटणं टाकून तशीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"वहिनी, हात खाली घ्या," अध्यक्ष रत्नाकरराव हसून म्हणाले. "आपल्याकडे घरटी एक मत. तुमच्या घराचं ज्ञानेश देईल."

ज्ञानेश, म्हणजे संपदाचा नवरा, पहिल्याच गादीवर बसला होता. त्यानं मान वळवली नाही. कॉलेजात असताना तो विद्यापीठाकडून टेबल टेनिस खेळला होता, त्यामुळे त्यांच्या घराचं मत कुठे जाणार हे तिला न विचारताच कळत होतं.

मागच्या कोपऱ्यात आणखी एक हात वर होता. तो गुणाजीचा. त्याच्या शेजारी बसलेल्या, त्याच्याच कामगार-कॅम्पात राहणाऱ्या फिटर-वेल्डरांनीही एकमेकांकडे बघत आपापले हात वर केले.

"गुणाजी, तुमच्या कॅम्पाचं सगळं मिळून एकच मत," रत्नाकरराव म्हणाले. "कॅम्प म्हणजे एक घर."

हात खाली आले. दिवाणखान्यात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. रियाधच्या मराठी मंडळात सुरुवातीला मोजकी कुटुंबं होती, वर्गणी घरटी काढायची आपली जुनी पद्धत, म्हणून मतही घरटी. कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. शहराबाहेरची ही इस्तिराहा, म्हणजे उंच भिंतींची बाग-बंगली, मंडळानं वर्षभरासाठी भाड्यानं घेतली होती. फाटक लावून घेतलं की बायका-पुरुषांना आत मोकळेपणानं एकत्र बसता येई. पण सभा सुरू झाली की बायका आपसूक स्वयंपाकघरात जात, जणू ते सभेच्या विषयपत्रिकेतच होतं.

आज पाडवा होता. लबने, म्हणजे इथलं घट्ट दही, टांगून केलेलं श्रीखंड तयार होतं, तेल तापत होतं, आणि दर शुक्रवारी संपदा जिथे मुलांना मराठी शिकवत असे ती खोली हातची जायच्या बेतात होती. दुसरी जागा नव्हती. तिची स्वतःची मुलगी रेवा घरी "आई, व्हॉट इज धिस?" याच्या पुढे जात नसे. त्या खोलीत आल्यावर मात्र ती शुक्रवारच्या सुटीला तिथे येणाऱ्या गुणाजीच्या पुढ्यात मांडी घालून बसे आणि त्याच्या गावच्या भुताखेतांच्या गोष्टी तोंड उघडं टाकून ऐके. गुणाजीची स्वतःची मुलं संगमेश्वराकडे आजीजवळ वाढत होती. त्याच्याकडून वर्गातली पोरं दोन-चार अस्सल शिव्याही शिकली होती. संपदा कानाडोळा करायची. शिव्या का होईना, मराठीत होत्या.

"विरोध नाही असं धरतो," रत्नाकरराव म्हणाले.

"धरू नका," संपदा म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. इंडियन स्कूलच्या मुलींच्या विभागात ती गेली कित्येक वर्षं इतिहास शिकवत होती, पण तिथे समोर वेण्या घातलेल्या मुली असत, नवरे नसत.

"रत्नाकरराव, आज पुऱ्यांची कणीक कशाच्या हिशोबानं भिजवायला सांगितलीत?"

"म्हणजे? माणशी."

"म्हणजे जेवायला बसलो की आम्ही माणसं, आणि मत द्यायची वेळ आली की घर?"

गाद्यांवर हशा पिकला. हसणं चांगल्या मनाचं होतं, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. याच आठवड्यात नववीच्या वर्गात तिनं फ्रान्सची राज्यक्रांती घेतली होती. खैरुन्निसा नावाच्या हैदराबादी मुलीनं उठून विचारलं होतं, "मिस, उनको मालूम था हारेंगे, फिर वो लोग मीटिंग को गए कायकू?" संपदानं पुस्तकातलं उत्तर दिलं होतं. मुलगी खाली बसली होती, पण तिचं समाधान काही झालं नव्हतं.

"एक गोष्ट सांगते," संपदा म्हणाली. "सव्वादोनशे वर्षं होऊन गेली. फ्रान्सच्या राजाची तिजोरी रिकामी झाली, म्हणून त्यानं देशाची सभा बोलावली. सभेचे तीन गट. धर्मगुरूंचा एक, सरदारांचा एक, आणि उरलेल्या सगळ्या देशाचा एक. शेतकरी, वकील, सुतार, दुकानदार, सगळे त्या तिसऱ्यात. रीत अशी, की दर गटाला एकच मत."

"म्हंजे आमच्या कॅम्पासारकाच की," गुणाजी मागून म्हणाला.

"अगदी तसंच. दोघं एक झाले की अख्खा देश हरला. तिसऱ्या गटाचं म्हणणं एवढंच होतं, की गट मोजू नका, डोकी मोजा."

"मग?" रत्नाकररावांनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

"मग एका सकाळी ते आले तर सभागृहाला कुलूप. म्हणून राजवाड्याजवळ टेनिस खेळायची जागा होती, तिथे जमले आणि शपथ घेतली, की देशाची घटना झाल्याशिवाय आता पांगायचं नाही."

"बघा!" नीलेश ओरडला. टेबल टेनिसची कल्पना त्याचीच, टेबलही त्यानंच मिळवलेलं आणि बाहेर गाडीच्या टपावर बांधून आणलेलं. "टेनिसशिवाय क्रांतीसुद्धा होत नाही!"

या वेळचा हशा दारापर्यंत पोहोचला. संपदाही हसली. न हसून करते काय? पण हसता हसता तिला दिसलं, की विषय हातातून निसटला. इतकी मोठी क्रांती एका विनोदात आटोपली होती.

रत्नाकरराव तसे वाईट नव्हते. कोणाच्या इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, घोळ झाला तर अर्ध्या रात्री गाडी काढणारा माणूस. त्यांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "वहिनी, तुमचा मुद्दा मनोरंजक आहे. खोलीचं आज उरकून टाकू. मतदानाच्या पद्धतीसाठी पुढे वेगळी सभा घेऊ, आमच्याकडेच. तारीख काय, मी घरी विचारून सांगतो."

संपदा वळता वळता थांबली.

"कुठे विचारून?"

"घरी."

"घरी म्हणजे कोणाला?"

सगळ्यांच्या माना संपदाच्या खांद्यावरून पलीकडे वळल्या. तिथे रत्नाकररावांच्या पत्नी सुनीतावहिनी हातात झारा घेऊन उभ्या होत्या.

"मला," त्या म्हणाल्या.

संपदा नीलेशकडे वळली. "नीलेशभाऊ, परवा सहलीचं विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

नीलेशनं डोकं खाजवलं. "घरी विचारतो म्हणालो."

"ज्ञानेश, तू?"

"मीही तेच म्हणतो," ज्ञानेश म्हणाला. आता त्यानं मान वळवली होती आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दबलेलं होतं.

"मग झालं तर," संपदा म्हणाली. "मला पद्धत बदलायची नाही. घरटी एक मत. फक्त ते घराला देऊ द्या."

सुनीतावहिनींनी झारा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.

"आमच्या घराचं मत मुलांच्या वर्गाला."

"आमच्याही," नीलेशची बायको स्वप्ना त्यांच्या मागून म्हणाली. तिच्यामागे आणखी हात वर आले. कोणाला पीठ, कोणाला केशर. दार अपुरं पडलं तेव्हा बायका पुढे सरकल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सभा चालू असताना दिवाणखान्यात आल्या.

"अरे, थांबा, थांबा!" नीलेश उठून उभा राहिला. "हा काय प्रकार? मग आम्हाला मतच नाही? आम्ही काय नुसते टेबलं वाहायला? हे चालणार नाही! माणशी घ्या मत, माणशी!"

आपण काय बोललो हे त्याला सगळ्यात शेवटी कळलं. तोवर स्वप्ना पदर तोंडाला लावून हसत होती.

"सूचना आली आहे," संपदा शांतपणे म्हणाली. "अनुमोदन?"

कोपऱ्यातून गुणाजी उठला. एवढ्या लोकांत बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"माझा आहे अनुमोदन. कॅम्प म्हंजे घर म्हणता, पण ता काय घर नाय साहेब. आमची घरं तिकडं ऱ्हायली, पोरांजवळ. इथं आम्ही नुसती माणसं. तवा माणशीच मोजा आमाला."

यावर कोणी हसलं नाही. रत्नाकररावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. सुनीतावहिनींकडे एकदा पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"माणशी," रत्नाकरराव म्हणाले. "मंजूर. आता खोलीचं पुन्हा घेतो. वर्ग राहावा असं कोणाला वाटतं?"

कॅम्पातले हात सगळ्यात आधी वर गेले, ताठ. मग बायकांचे. मग तुरळक पुरुषांचेही. रत्नाकररावांनी मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिली. मोजायची गरजच उरली नव्हती. वर्ग राहिला होता. पुस्तकातला एक धडा इतकी वर्षं शिकवून तो आज पहिल्यांदा संपदाच्या अंगात भिनला होता, आणि तिला गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटत होतं.

"आता टेबल टेनिसच्या बाजूनं? रीत म्हणून विचारतो."

नीलेशनं हात वर केला. त्याच्या मागच्या दोघा-तिघांनी केला. आणि ज्ञानेशनंही केला, कोपरापासून सरळ, थेट तिच्याकडे बघत.

"ज्ञानेश, बायकोच्या विरुद्ध?" कोणीतरी विचारलं.

"माझं मत आहे," तो म्हणाला.

संपदा मोठ्यानं हसली. "मोजा, रत्नाकरराव," ती म्हणाली. "त्याचंही मोजा. आमच्या घरातून दोन."