पाठ टेकून बसलेली मावशी

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही फूटपट्टी म्हणायचो. चित्र भिंतीवर लागलं की ते आधी कडा मोजायचे, मग चित्राकडे बघायचे, तेही वेळ उरला तर. त्यांच्यावरचा माझा राग जुना आहे, तेव्हा मी दोन्ही बाजू तोलून सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

मावशी आमची मॉडेल. अठरा वर्षं ती एकाच बिनपाठीच्या स्टुलावर बसत आली. तिला काढून काढूनच आमचा हात वळला. यंदा तिने पहिल्यांदा काही मागितलं. पाठ असलेली खुर्ची, आणि दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं उठायची मुभा. फूटपट्टी म्हणाले, "टेकलं की शरीर सैल पडतं. रेषा हरवते." दुसऱ्या दिवशी मावशीला येऊ नका असं कळवलं आणि तिच्याऐवजी बघून काढायला आमच्या हातात फोटो दिले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि त्यात मावशी असणारच असं मी ठरवून टाकलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने मी तिला कोरली, खुर्चीत ऐसपैस, पाठ टेकून, सरळ समोर बघणारी. खुर्ची माझ्या पदरची. चिखल्याने, म्हणजे आमच्या मूर्तिकाराने, मावशीच मातीत बसवली. आमच्या फोटोवालीने मावशीच्या घरी जाऊन रोल संपवला.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले असताना फूटपट्टी आमच्या छपाईच्या खोलीत आले. पत्र्यावरून कागदावर काढलेला माझा पहिला छाप अजून ओला होता.

"हा विषय संपलाय. हे लागणार नाही," ते म्हणाले. "पत्रा रद्द कर. माझ्यासमोर."

पत्रा रद्द करणं ही आमच्याकडची रीतच. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली कोरायची, म्हणजे मागाहून कोणी चोरून छापत नाही. मग त्या फुलीसकट एक प्रत काढून पुरावा म्हणून विभागाच्या भिंतीवर लावायची. हा नियम खुद्द फूटपट्टींनी टाइप करून प्रेसच्या वर चिकटवलाय. पण ते पडले तैलचित्रवाले. त्यांच्या लेखी फुली मारली की चित्र संपलं. आमच्या कामात जितकं खोल खणावं तितकी शाई जास्त भरते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी सुई घेतली.

"जोर लाव," ते म्हणाले.

मी लावला. मनगटात कळ आली, तरी दुसरी रेघ पहिलीपेक्षा खोल गेली. ओला छाप चुरगाळून, बोटं काळी करून ते समाधानाने निघून गेले.

मग मी पत्र्यात शाई भरली, वरवरची पुसली, प्रेस फिरवली. कागद उचलला तर फुली काळीकुट्ट, आणि तिच्यामागे मावशी जशीच्या तशी, पाठ टेकून. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. चिखल्याने छाप पाहिला आणि आपल्या मातीच्या मावशीवर तारेने फुली ओढली. फोटोवालीने निगेटिव्हवर टाचणी चालवली.

उद्घाटनाच्या दिवशी विभागाच्या भिंतीशी तिन्ही मावश्या ओळीने होत्या. प्रदर्शनात शिरायची वाट तिथूनच.

"काढा हे," फूटपट्टी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"पुरावा आहे सर. नियम चौथा."

"नियम मी केलेत."

"म्हणून तर पाळला."

मावशीला आम्हीच बोलावलं होतं. ती माझ्या छापासमोर बराच वेळ उभी राहिली.

"फुली चांगली दणकून मारलीस गं."

"मारायला लावली, मावशी."

तिने मान डोलावली. मग सरळ फूटपट्टींच्या केबिनमध्ये गेली, त्यांची गादीची खुर्ची ओढत बाहेर आणली, छापाखाली मांडली आणि पाठ टेकून बसली. हात मांडीवर, हनुवटी वर. अठरा वर्षांची सवय, पापणीसुद्धा हलेना.

चिखल्याने वही काढली. मग मी, मग फोटोवालीने, मग पाहुण्यांतल्या दोघा जुन्या विद्यार्थ्यांनी. पेन्सिली कागदावर चालू लागल्या.

"मावशी, उठा आता," फूटपट्टी खालच्या आवाजात म्हणाले.

"अर्धा तास झाला की उठते," मान न हलवता ती म्हणाली. "पाच मिनिटं. मग परत बसणार आहे."