बिननंबरी विमान आणि तात्यांचा टॉवेल

कळंबच्या माळावर दर रविवारी दोन माणसं मान वर करून उभी असतात. एक सावळारामतात्या, ऊसवाले. दुसरे इमामभाई, इंदापुरात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. दोघांनाही विमानं बघायचा नाद. बारामतीहून शिकाऊ वैमानिक येतात, तात्या टॉवेल हलवतात, वरचं पोरगं खुशीत असलं तर पंख डुलवतं, आणि इमामभाई शेपटीवरचा नंबर कॅमेऱ्यात टिपून नादिष्टांच्या ग्रुपवर टाकतात. नंबर दिसला नाही तर ग्रुप ते विमान धरत नाही. कानात बिल्ला नसलेली गाय सरकार धरत नाही, तसंच.

गेल्या रविवारी भलतंच आलं. लांबलचक पंख, करडा रंग. ना नंबर, ना झेंडा, ना खिडकी. तात्यांनी सवयीनं टॉवेल हलवला. पंख काही डुलले नाहीत. ते पुढं गेलं, वळलं आणि माळावर घिरट्या घालू लागलं.

"इमामभाई, ह्यात माणूसच न्हाय!"

"मग वळलं कुणाला बघून?"

तात्यांनी टॉवेल हळूच खांद्यावर घेतला. मग तिथंही नको वाटून बंडीत कोंबला.

इमामभाईंचं बोट तेवढ्यात फोटो काढून मोकळं झालं होतं. हे लष्कराचं असणार, हे ध्यानात आलं आणि त्यांना घाम फुटला. लेकीची, आसियाची, सरकारी नोकरीची ऑर्डर यायची होती. त्याआधी पोलीस घरी येऊन तिची चौकशी करणार होते.

"फोटो पुसून टाका," तात्या म्हणाले.

"पुसला. पण त्यानं आपला काढला असंल, त्यो कसा पुसायचा?"

"माझा तर टॉवेलासकट आला असंल."

त्याच आठवड्यात हवालदार इमामभाईंच्या घरी आले. धीर द्यायला तात्या आधीच येऊन बसले होते. हवालदारांनी चहात बिस्कीट बुडवून विचारलं, "आसिया तुमचीच का?"

"साहेब, त्यो फोटो मी पुसलाय," इमामभाई म्हणाले.

"कुठला फोटो?"

आसियानं कपाळावर हात मारला. मग माळ, घिरट्या, सगळंच बाहेर आलं.

"टॉवेल माझा हुता," तात्यांनीही कबुली दिली.

हवालदारांचं बिस्कीट चहात विरघळून गेलं. "इमानाचा नंबर काय?"

"न्हवता, साहेब."

"मग मी लिहू काय? बिननंबरी इमान, आत माणूस न्हाय. साहेब मलाच इचारतील, काय घिऊन आलास म्हणून." त्यांनी पेन खिशाला लावलं. "पोरीचं काय वाकडं न्हाय. पण चाचा, ह्यो नाद सोडा."

पुढच्या रविवारी दोघं माळावर होते. ऑर्डर अजून आली नव्हती. कॅमेरा घरी, टॉवेलही घरी. लांबून घरघर ऐकू आली, तसे इमामभाई बांधावरच्या हरळीकडं बघू लागले.

"अवो, वर बघा की!"

"तुमी बघा. नंबर असला तर सांगा, मग मान वर करतो."

तात्यांनी कपाळावर आडवा हात धरला. विमान पांढरं होतं आणि खाली येत होतं. टॉवेल दिसेना म्हणून की काय, वरच्या पोरानं आपणहून पंख डुलवले.

"हाय! नंबर हाय!" तात्या ओरडले.

"नीट बघितलाय न्हवं?" खाली मान घालूनच इमामभाईंनी विचारलं.